चाळीसगावच्या आप्पा पेंटरांना जाहीर आभारपत्र

आप्पा, सा. न.

प्रदर्शनात लोक हमखास विचारतात, तुमची शैली इतकी कशी बदलली? आधी हुबेहूब व्यक्तिचित्रं, मग शेतशिवार, आता नुसती मातीच्या रंगांची चित्रं, ज्यात ओळखीचं काहीच नाही. उत्तरात तुमचं नाव येतंच. आज ते सगळ्यांसमोर लिहिते.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाल्या होत्या, पण घरच्यांच्या लेखी चित्रकला हा सुटीतला छंद. तुम्ही मला दुकानांच्या पाट्या रंगवायला घेतलंत. ‘पोरीची जात अन् शिडीवर?’ म्हणणाऱ्यांशी वाद घातला नाहीत, शिडी धरून उभे राहिलात. खडू फासलेली दोरी ताणून पत्र्यावर मारायची, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवायचं आणि चपटा ब्रश एका दमात खाली ओढायचा. इनॅमल ओढ धरायला लागला की परत हात लावू द्यायचा नाहीत. “अक्षर नको बघू, दोन अक्षरांमधली जागा बघ,” हे तुमचं नेहमीचं. आजही चित्रात मोकळी जागा कुठे सोडायची, हे मी आधी ठरवते.

छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं स्टेशनजवळचं घर तुम्हीच दाखवलंत. वर्षानुवर्षं घराबाहेर क्वचितच पडलेला हा माणूस टेबलावर साध्या वस्तू मांडायचा, हवा तसा उजेड पाडायचा आणि फोटोत अख्खं दृश्य उभं करायचा. पुढे शिकायला मुंबईला गेले, पण मोठं काम करायला गाव सोडावंच लागतं असं कधी वाटलं नाही.

आणि अजिंठा! पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर दाटीवाटीने उभे. तुम्ही मला गिलावा निखळलेल्या भिंतीपाशी नेलंत. मातीचा थर, त्यात तूस आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, मग गेरूची रेघ, मग रंग आणि शेवटी परत रेघ. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला. चित्र भिंतीच्या आतून सुरू होतं, हे मी तिथे पाहिलं.

पोर्ट्रेटच्या ऑर्डरी जोरात असताना मी त्या बंद केल्या, तेव्हा घरचे हबकले. चित्रकार एस. एच. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले, आधी तिथली घरं-गावं रंगवत राहिले, त्यांची ओळख ठरलेला बिंदू, तो मोठा गोल ठिपका, कितीतरी नंतर आला. शैली बदलणं म्हणजे भरकटणं नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण घरी ते पटवलंत तुम्ही. वर तुमच्या गोदामातली एक खोली रिकामी करून दिलीत, तेही फ्लेक्समुळे तुमचंच काम आटलेलं असताना.

त्याच खोलीत मी शेतातली काळी माती चाळून, फेव्हिकॉलमध्ये कालवून प्लायवर लिंपायला लागले. आपली माती सुकताना आकसते, तिला भेगा पडतात. तुम्ही जिनिंगमधला टाकाऊ कापूस आणून त्यात मळायला लावलात. थर धरला! आज माझी ओळख ज्या चित्रांमुळे आहे, त्या सगळ्यांच्या पोटात तो कापूस आहे. प्रदर्शनाच्या पत्रकात माध्यम म्हणून मी ‘काळी माती आणि कापूस’ लिहिते. यापुढे त्याखाली तुमचंही नाव छापलं जाईल.

दिवाळीनंतर नवी चित्रं घेऊन चाळीसगावला येतेय. गॅलरीत जाण्याआधी ती तुम्ही बघायची आहेत. मोकळी जागा कुठे चुकली असेल तर स्पष्ट सांगा.

तुमची,
शिडीवरची पोर