रजिस्टर वाचायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची धाकटी यंदा जूनमध्ये हायस्कूलला गेली आणि नियमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीतून तुमचं नाव कमी झालं. ज्याचं मूल शाळेत, तोच पालक सदस्य, हे तुम्हीच आम्हाला समजावून सांगितलेलं, त्यामुळे 'थांबा' म्हणायलाही तोंड उरलं नाही. निरोपाच्या सभेत मला बोलायला उभं केलं, पण कंठ दाटून आला आणि मी तशीच खाली बसले. तेव्हा राहून गेलेलं आज लिहिते. चारचौघांत लिहिते, कारण पर्वती पायथ्याच्याच नाही, तर पुण्यातल्या बाकीच्या मनपा शाळांतल्या आयांनीही ते वाचावं असं वाटतं.

पहिल्या वर्षी समितीत असणं म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं. पोरीच्या हाती एक जाड रजिस्टर घरी यायचं. 'आई, सही मागितलीये' म्हटलं की मी पिठाचा हात पदराला पुसून सही ठोकायचे आणि सहकारनगरच्या कामाला पळायचे. मग तुम्ही अध्यक्ष झालात आणि एका संध्याकाळी तेच रजिस्टर पिशवीत घालून आमच्या दारात आलात. पान उघडलंत, माझ्या सहीवर बोट ठेवलंत. "ही तुमचीच ना? मग वर काय लिहिलंय ते वाचा."

माझं शिक्षण सातवीपर्यंत. अडखळत वाचलं. मी ज्या सभेला गेलेच नव्हते, त्या सभेचं ते इतिवृत्त. 'पिण्याच्या पाण्याची सोय समाधानकारक असल्याचे सर्वानुमते ठरले.' आणि माझी पहिलीतली पोर रोज घरी यायची ती बाही ओली आणि घसा कोरडा! दप्तर टाकून आधी माठाकडे धावायची. त्या ओळीखाली माझीच सही होती. मला रडू फुटलं. तुम्ही रागावला नाहीत. "आता कळलं ना, पुढच्या सभेला या," एवढंच म्हणालात.

मी म्हटलं, सकाळी अकराच्या सभेला आले तर दोन घरांची कामं बुडतात. तुम्ही सभा रविवारी घ्यायला लावलीत. त्या एका बदलानं किती बाया आल्या! शिक्षण हक्काचा कायदा आला २००९ साली, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि त्यात समितीचे निदान ७५ टक्के सदस्य पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, असं लिहिलंय. म्हणजे सोळा जणांत बारा पालक. हे तुम्ही फळ्यावर खडूनं मांडून दाखवलंत. अध्यक्ष पालकांतूनच, मुख्याध्यापक सचिव. आम्हाला वाटायचं शाळेनं मानानं बोलावलंय. माझं आता स्पष्ट मत आहे, की खुर्च्या भरायला पालकांना बोलावणं वेगळं आणि समितीत त्यांचं ऐकून घेणं वेगळं.

पण खरे आभार मानायचेत ते त्या टेपसाठी.

तुम्ही ब्लाउज शिवता शिवता तशाच उठून आला होतात, गळ्यात मापाची टेप. पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहिलात आणि नळाचं माप घेतलंत. जमिनीपासून ४६ इंच, आणि पुढे दीड फुटाचा कट्टा. मग पहिलीच्या पोरांना एकेक करून उभं केलंत, फ्रॉकचं माप घेतात तसं. खांदा किती, हात वर केला तर बोटं कुठवर जातात. टाचा उंचावून नळाला हात लावला की पाणी कोपरावरून थेट बाहीत. एक पोरगा तर म्हणाला, "मी डब्याच्या झाकणात धरतो." ते सगळं तुमच्या गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत उतरलं. छाती, कंबर, घेर, आणि पुढच्याच पानावर आमच्या पोरांचे हात.

ती मापंच शाळा विकास आराखड्यात गेली. आराखडा समितीनंच करायचा असतो, त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये तसं आहे, तरी आजवर तो आमच्यापर्यंत तयार होऊनच यायचा. मुख्याध्यापक बाईंनीही मनापासून साथ दिली, हे इथे सांगायलाच हवं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात पाच खेपा झाल्या. तीन खेपांना मी तुमच्यासोबत होते. "नळ तर आहेत की," असं तिथे कुणी म्हणालं, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता वही पुढे सरकवलीत. दिवाळीनंतर नळांची खालची ओळ बसली, २४ इंचांवर, पुढे कट्टा नाही. त्या दिवशी माझी पोर कोरड्या बाहीनं घरी आली. माठाकडे गेली नाही. मी मुद्दाम बघत होते.

ताई, निरोपाच्या दिवशी तुमची ती टेप टेबलावरच राहिली. विसरलात की मुद्दाम ठेवलीत, मी विचारलं नाही. माझ्या पर्समध्ये आहे. येत्या शनिवारी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या किती उंचीवर आहेत ते मोजायचंय, लहान मुलींना त्या आतून लावता येत नाहीत. आकडे कसे मांडायचे ते विचारायला संध्याकाळी तुमच्याकडे येईन. मशीन चालू राहू द्या, मी शेजारी बसून लिहून घेईन.

तुमची,
समितीतली एक आई