भुंकणाऱ्या कुत्र्याला काम द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दोन विषय हमखास झळकतात: गच्चीची गळती आणि कुठल्या तरी फ्लॅटमधल्या कुत्र्याचं भुंकणं. गळतीसाठी निदान प्लंबरला बोलावलं जातं. भुंकण्याचा मात्र थेट निकाल लागतो, ‘बांधून ठेवा’ नाहीतर ‘कुत्रा काढून टाका’. काढून टाकायला लावण्याचा अधिकार सोसायटीला नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलं आहे. आणि नेहमी साखळीला बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार मालकाचा गुन्हा आहे. साठ वर्षांहून जुन्या कायद्याला जे कळलं, ते अजून आपल्या बैठकांच्या इतिवृत्तात आलेलं नाही. पण कलमं दाखवून कुत्रा गप्प बसत नाही, म्हणून हे पत्र.

कुत्रा नेमका कशाने भुंकतो, हे आधी पाहावं. जुना मोबाइल शेल्फवर उभा करून घराबाहेर पडल्यापासूनचा पहिला तास रेकॉर्ड करावा. बाहेर पडल्यावर पाच-दहा मिनिटांतच रडणं, लाळ गळणं, दाराची चौकट ओरबाडणं सुरू झालं आणि आवडीचा खाऊही तसाच पडून राहिला, तर ती एकटेपणाची भीती आहे. तिच्यावर खेळण्यांचा उतारा चालत नाही. पशुवैद्यकाला तो व्हिडिओ दाखवावा. कंटाळ्याचं चित्र वेगळं असतं. कुत्रा आधी झोपतो, मग उठून घरभर फिरतो, चपला, रिमोट, उशी असं जे सापडेल ते चावतो, लिफ्टचा आवाज आला की भुंकतो, आणि ठेवलेलं खाणं मात्र फस्त करतो. एकच पंजा तासन्‌तास चाटत बसणं कंटाळ्यातूनही येतं, पण पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत बुरशी आणि गोचीड या दोन्ही शक्यता आधी तपासाव्यात. नुसती झोप हे लक्षण धरू नये. प्रौढ कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतोच.

खरी अडचण वाडग्यात आहे. ड्राय फूडचा वाडगा कुत्रा दोन मिनिटांत रिकामा करतो आणि पुढचे आठ-नऊ तास त्याला करण्यासारखं काही उरत नाही. त्याचंच खाणं त्याला कमवायला लावावं. दहा किलोच्या कुत्र्याला रोज साधारण १६० ग्रॅम ड्राय फूड लागत असेल, तर त्यातलं ६० ग्रॅम बाजूला काढून दिवसभरात दोन वेळा ‘कामा’साठी वापरावं. वरचा खाऊ म्हणून वेगळं देऊ नये, नाहीतर महिन्याभरात कंटाळा जाईल आणि वजन येईल.

सगळ्यात सोपं साधन म्हणजे जुना, जाड टॉवेल. पहिल्या दिवशी तो जमिनीवर पसरून मधोमध मूठभर, म्हणजे २५-३० ग्रॅम खाणं उघडं ठेवावं. दुसऱ्या दिवशी एक कड त्यावर दुमडावी. तिसऱ्या दिवसापासून सैल गुंडाळी करावी, म्हणजे नाकाने ढकलली की ती उलगडते आणि दर वळशाला चार दाणे बाहेर पडतात. आठवड्याने गुंडाळीला मधे एक सैल गाठ. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच: पहिल्याच दिवशी घट्ट गाठ मारून टॉवेल दिला जातो, कुत्रा दोन मिनिटं झटापट करतो, मग टॉवेल फाडतो किंवा तुमच्याकडे बघून भुंकतो. त्याला कोडं समजलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक पायरी मागे जावं. पंचा वापरू नये, तो लगेच फाटतो आणि त्याचे दोरे पोटात जातात.

इडलीपात्रातली एक ताटलीही चांगली चालते. खळग्यांत थोडे थोडे दाणे टाकून वर टेनिस बॉल ठेवावेत. कुत्रा नाकाने किंवा पंजाने बॉल सरकवतो. काम झालं की बॉल उचलून ठेवावेत, कारण त्यांची लव चघळत राहिलं की दात झिजतात. टेबल टेनिसचा चेंडू कधीच नको, मोठा कुत्रा तो सहज गिळतो. ताटलीखाली पायपुसणं घातलं तर खालच्या मजल्यावर खणखणाट जात नाही. (भुंकण्याची तक्रार मिटवताना इडलीपात्राची ओढवून घ्यायला नको.)

घराबाहेर पडताना द्यायला पोकळ रबरी खेळणं घ्यावं. त्यात भिजवलेलं ड्राय फूड, दोन चमचे साधं दही आणि उकडलेला लाल भोपळा भरावा. पहिला आठवडा तसंच द्यावं, पुढे चार-पाच तास फ्रीजरमध्ये गोठवून. गोठवलेलं चाटून संपवायला त्याला बराच वेळ लागतो, आणि चाटण्याने कुत्रा शांत होतो. खेळणं जबड्यामागे अडकणार नाही इतकं मोठं असावं. घरात दोन कुत्रे असतील तर ही सगळी कामं वेगवेगळ्या खोल्यांत द्यावीत. एरवी जिवलग असलेले कुत्रेही खाण्यावरून भांडतात.

या दिवसांत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. कंटाळलेल्या कुत्र्याला ‘चघळू दे काहीतरी’ म्हणून मक्याच्या कणसाचा बुरकुंडा दिला जातो. तो पचत नाही, आतड्यात अडकतो आणि प्रकरण शस्त्रक्रियेवर जातं. मे महिन्यात हेच आंब्याच्या बाठ्याने होतं. शिजवलेली हाडं आणि नारळाची करवंटीही नकोत, दोन्हींचे टोकदार तुकडे पडतात.

आता फिरण्याबद्दल. पावसामुळे चक्कर चुकते तेव्हा कुत्र्याची चाल कमी होते, त्याहून जास्त त्याचा वास घेणं कमी होतं. दोन-तीन मीटर लांब पट्ट्यावर, त्याला हवं तिथे थांबू देत केलेली वीस मिनिटांची चक्कर तासभर ओढत नेण्यापेक्षा उपयोगाची. ‘चल, चल’ करत प्रत्येक खांबापासून खेचत नेलं, तर त्या चकरेतून त्याला काय मिळालं? पावसाची उघडीप साधावी, साचलेल्या पाण्यात तोंड घालू देऊ नये (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टो या आजाराची लस झाली असली तरी), आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात. बाहेर जाणं शक्यच नसेल तर घरात ‘शोध’ खेळावा: पाच दाणे त्याच्यासमोर टाकून ‘शोध’ म्हणायचं, मग पाठमोरा असताना, मग सोफ्यामागे, शेवटी दुसऱ्या खोलीत. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे.

चेंडू शंभर वेळा फेकून कुत्रा दमवणं हा अनेकांचा आवडता उपाय. तो मला पटत नाही. अशाने कुत्रा शांत व्हायच्या ऐवजी चेतलेला राहतो आणि महिन्याभरात त्याला दीडशे फेऱ्या लागतात. लेझरचा ठिपका तर नकोच. हाती कधीच न लागणाऱ्या ठिपक्यामागे पळून काही कुत्रे पुढे सावल्या आणि उजेडाच्या तिरिपीमागे धावत सुटतात.

मांजरं भुंकत नसल्याने त्यांची तक्रार बोर्डावर लागत नाही, पण फ्लॅटमधली मांजरं कंटाळतातच. पहाटे चारला उठवणं, चालणाऱ्याच्या घोट्यावर झडप, पोटावरची लव चाटून चाटून विरळ होणं या त्यांच्या नोटिसा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये तीस खळगे असतात. त्यांत तिचं सकाळचं खाणं विखरून ठेवलं की ती पंजाने एकेक दाणा काढत बसते. संध्याकाळी दहा मिनिटं काठीला बांधलेलं पीस मांजरापासून दूर सरपटवत न्यावं (भक्ष्य कधी चालून येत नाही), दोन-चारदा पकडू द्यावं आणि मग जेवण वाढावं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा तिचा क्रम जुळला की पहाटेची हाक मागे पडते. खेळ संपल्यावर दोरी कपाटात ठेवावी, कारण गिळलेली दोरी आतडं कापू शकते. आणि बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसून लघवीचा थेंबही येत नसेल, तर त्याला कंटाळा समजू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खेळणी दहा असली तरी एका वेळी तीनच बाहेर ठेवावीत आणि चार-पाच दिवसांनी बदलावीत.

व्यवस्थापक समित्यांना दोन विनंत्या. नोटीस काढण्याआधी कुत्र्याच्या मालकाकडून त्या पहिल्या तासाचा व्हिडिओ मागवावा आणि वर लिहिलेले उपाय करून पाहायला तीन आठवडे द्यावेत. आणि सप्टेंबरअखेरपर्यंत पार्किंगचा एक कोरडा कोपरा सकाळी साडेसहा ते सात आणि रात्री नऊ ते साडेनऊ कुत्र्यांना वास घेत फिरायला मोकळा ठेवावा. पट्टा बांधलेला असेल आणि घाण मालकच उचलेल, या अटीवर.

— एक पशुवैद्यक, पुणे