कचऱ्याच्या डब्यांपाशी उभ्या असणाऱ्या आयींना, शांघायच्या मराठी भाडेकरूंकडून

तीर्थरूप आयींस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. पण परदेशी माणसाला मँडरिन कळलं नाही की तुम्ही तेच वाक्य शांघायच्या बोलीत, दुप्पट मोठ्या आवाजात सांगता, तेव्हा आमचीही तीच गत होते. फिटंफाट.

मराठी वाचणाऱ्यांसाठी खुलासा: चिनी भाषेत 'आयी' म्हणजे आईची बहीण. घरकाम करणारी ती आयी, भाजीच्या गाळ्यावर बसणारी ती आयी, आणि वसाहतीच्या चार डब्यांपाशी हातमोजे चढवून सकाळ-संध्याकाळ पहारा देणारी तीही आयीच. आपल्याकडे 'मावशी' जसं नात्यातून कामाकडे आलं, अगदी तसंच. चिनी भाषेतला हा एवढा एकच शब्द मराठी माणसाला फोड करून सांगावा लागत नाही.

आभार मानायचं कारण म्हणजे 'नी शि शन्मा लाजी?' हा तुमचा प्रश्न. तुम्हाला विचारायचं असतं, 'तुमच्या हातातला कचरा कोणत्या प्रकारचा?' घाईत बोलताना त्याचं होतं, 'तू कसला कचरा आहेस?' १ जुलै २०१९ला शांघायमध्ये कचरा वेगळा करण्याचा नियम लागू झाला, तेव्हा या प्रश्नावर चिनी माणसंसुद्धा पोट धरून हसली. नवीन आलेल्या परदेशी माणसाला मात्र विनोद कळत नाही, फक्त चढलेला सूर कळतो. त्याला वाटतं, बाई शिव्या देतेय. तो पिशवी तिथेच ठेवून सटकतो, आणि तुम्ही मागून हाका मारता, कारण पिशवीला जेवणाच्या ऑर्डरचं बिल स्टेपल केलेलं असतं. त्या बिलावर इमारतही असते आणि खोलीही.

खरं तर आमच्या मते इथे सगळ्यात जास्त घोळ मराठी माणूस घालतो, कारण त्याला वाटतं हे आपल्याला येतं. पुण्या-मुंबईत ओला कचरा, सुका कचरा हे शब्द लहान मुलालाही पाठ असतात. इथेही 'शि लाजी' म्हणजे ओला आणि 'गान लाजी' म्हणजे सुका. शब्द तेच, पण रेघ दुसरीकडे मारलेली. आपल्याकडे सुक्यात कागद, प्लास्टिक, पुठ्ठा, बाटली सगळं जातं. इथे हे स्वच्छ असेल तर सुकं नव्हेच, ते पुनर्वापराचं, निळ्या डब्यात. सुका म्हणजे बाकी तिन्हींत न बसणारं उरलंसुरलं, त्याचा डबा काळा. ओल्याचा तपकिरी. घातक कचऱ्याचा लाल. आणि हाताला ओलं लागतं म्हणून ओलं, असंही नाही. बाळाचं भिजलेलं डायपर सुकं. नाक पुसलेला टिश्यू सुका. काल रात्रीची कडकडीत वाळलेली पोळी मात्र ओली.

हे समजावण्यासाठी शांघायकरांनी डुकराला कामाला लावलं, आणि त्याबद्दल त्या डुकराचेही आभार. डुक्कर खाईल ते ओलं. डुक्करसुद्धा तोंड लावणार नाही ते सुकं. खाऊन डुक्कर मरेल ते घातक. जे विकून नवं डुक्कर घेता येईल ते पुनर्वापराचं. दहापैकी आठ वेळा हे गणित बरोबर येतं. उरलेल्या दोन वेळा तुम्ही लागता.

कोकणी आणि गोव्याच्या स्वयंपाकघराला तर तुम्ही हमखास लागता. कोळंबीची सालं आणि खेकड्याची कवचं ओल्यात, पण तिसऱ्यांच्या शिंपल्या सुक्यात. माशाचे काटे, कोंबडीची बारीक हाडं ओल्यात. मटणाची नळी सुक्यात, कारण जाड हाड यंत्रात दळलं जात नाही आणि लवकर कुजतही नाही. खोवून झालेली करवंटी त्याच कारणाने सुकी. अंड्याचं टरफल, चहाचा चोथा, देवाला वाहिलेली फुलं ओल्यात. घड्याळातल्या साध्या पेन्सिल सेलला सगळे लाल डबा दाखवतात, तिथे तुम्ही हात आडवा घालता: त्यात आता पारा नसतो, तो सुक्यात. बटणासारखे सेल, चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या, मुदत संपलेल्या गोळ्या, नेलपॉलिश, ट्यूबलाइट ही लालची गिऱ्हाइकं. बबल टी हा तर वेगळा पेपरच आहे. उरलेला चहा सिंकमध्ये, साबुदाण्यासारखे मोती तपकिरीत, ग्लास काळ्यात, प्लास्टिकचं झाकण धुऊन निळ्यात. एका पेल्यासाठी चार ठिकाणं.

पण सगळ्यात अवघड काम पिशवी उलटी करण्याचं. ओला कचरा पिशवीसकट टाकायचा नसतो. गाठ सोडायची, तपकिरी डब्यावर पिशवी ओतायची, रिकामी पिशवी काळ्यात टाकायची. प्लास्टिक कुजत नाही आणि पुढच्या प्रक्रियेत अडकतं, म्हणून हा खटाटोप. नवखा माणूस इथे तीन चुका करतो, आणि त्या तीनही तुम्ही न बोलता, नुसत्या हातवाऱ्यांनी दुरुस्त करता. पहिली, घरून दुहेरी गाठ मारून आणतो. ती डब्यापाशी सुटत नाही, मग बोटाने पिशवी फाडतो आणि आमटी बुटात. एकच सैल फास पुरतो. दुसरी, काठोकाठ भरतो. निम्मी भरली की आणावी, आणि आणण्याआधी पाणी सिंकच्या जाळीवर निथळू द्यावं. तिसरी, पिशवीचं तोंड धरून झटकतो, म्हणजे आतलं बाहेर येण्याऐवजी वर उडतं. तुम्ही तळाचे दोन कोपरे दोन हातांनी धरायला लावता आणि पिशवी एकदाच पालथी करायला लावता. शेजारच्या नळावर हात धुवायला खुणावता. एवढं झालं की 'हाउ, हाउ', म्हणजे 'छान, छान' म्हणता. चीनमध्ये मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्रक अनेकांना डब्यापाशीच मिळतं.

नियमात व्यक्तीला ५० ते २०० युआन दंड आहे. आधी चूक सुधारायला सांगतात, ऐकलंच नाही तर दंड. म्हणजे तुमचं ओरडणं हा दंडाच्या आधीचा जिना आहे, आणि बहुतेकांना तुम्ही त्यावरूनच परत फिरवता. त्याच नियमामुळे घरपोच जेवणासोबत काटे-चमचे आपणहून देत नाहीत, ऑर्डर देताना मागावे लागतात. पहिल्या आठवड्यात नवीन माणसाकडे गरम नूडल्सचा वाडगा असतो आणि खायला टूथब्रशची दांडी. हॉटेलात असेल तर तीही नाही, कारण तिथे टूथब्रशसुद्धा मागितल्याशिवाय ठेवत नाहीत.

डब्यापाशी उभ्याउभ्या तुम्ही जी चिनी भाषा शिकवलीत, ती शिकवणीत मिळाली नसती. नुसतं 'शि' घ्या. सपाट सुरात 'ओला'. वर चढणाऱ्या सुरात 'दहा'. खाली जाऊन वर येणाऱ्या तिसऱ्या सुरात सरळ 'विष्ठा'. धाडकन खाली पडणाऱ्या सुरात 'आहे', आणि 'खोली'सुद्धा. त्यामुळे पिशवी वर धरून 'हा ओला आहे' असं मोठ्या अभिमानाने सांगणारा माणूस सूर चुकला तर नेमकं काय जाहीर करतो, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. तुम्ही हसत नाही. मास्क असतो म्हणून आम्हाला तसं वाटतं, असंही असेल.

खोलीचा क्रमांक सांगतानाही तुम्हीच वाचवता. ६०१ला 'लिउ लिंग यी' म्हटलं तर चालतं, पण लोक 'लिउ लिंग याओ' म्हणतात. खोलीच्या आणि फोनच्या आकड्यांत एकाला 'याओ', कारण 'यी' आणि सातचा 'छी' घाईत सारखे ऐकू येतात. शिवाय इथला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. सहाव्या मजल्यावरचं पार्सल मराठी माणूस एक जिना जास्त चढून शोधतो, आणि लिफ्ट नसलेल्या सहा मजली इमारतीत थेट गच्चीच्या दाराशी पोहोचतो.

मग तुमची भाजीची चौकशी. येणाऱ्या प्रत्येक पिशवीत डोकावून तुम्ही विचारता, 'दुओ शाओ छियेन यी जिन?' म्हणजे एका जिनला किती पडले? परदेशी माणसाला हे आगाऊपणाचं वाटतं. आपल्याला वाटू नये. मंडईतून येणाऱ्याला 'कशी दिली मेथी?' विचारणारी मावशी प्रत्येक वाड्यात होती. एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम. पाटीवरचा भाव जिनचा असतो, तो किलोचा समजून स्वस्ताईच्या आनंदात चार मागितले की वजन निम्मं हातात येतं. आकडे बोटांवर दाखवले की अजून गंमत. अंगठा आणि तर्जनी पसरली तर ते दोन नव्हे, आठ. अंगठा आणि करंगळी म्हणजे फोन कर नव्हे, सहा. मूठ म्हणजे भांडण नव्हे, दहा. किंमत ऐकून तुम्ही 'ग्वे ल!' म्हणता, महाग पडलं. काहीही किंमत सांगितली तरी तुम्ही हेच म्हणता, हे कळायला वेळ लागतो.

आणि एक काम, जे तुमच्या अंगावर नसतानाही तुम्ही करता. सुटकेस घेऊन नवा चेहरा फाटकात दिसला की 'पायछुस्वो, पायछुस्वो' म्हणून रस्त्याच्या दिशेने बोट दाखवता. पायछुस्वो म्हणजे भागातली पोलीस चौकी. हॉटेलात नोंद हॉटेलवालेच करतात. घरात राहायला आलेल्या परदेशी माणसाने २४ तासांच्या आत स्वतः करायची. पासपोर्ट, व्हिसा, भाडेकरार, आणि नेमकी घरी राहते ती घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत. नोंद चुकली तर २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुढे निवासी परवान्याच्या अर्जाला हाच कागद लागतो. पासपोर्ट किंवा व्हिसा नवा झाला की पुन्हा जायचं. शांघायमध्ये हे ऑनलाइनही होतं, पण पासपोर्टावर आडनाव आणि नाव वेगळं, करारावर नाव-वडिलांचं नाव-आडनाव अशी आपली मराठी तिपेडी वेणी असेल, तर चौकीत जाऊन दाखवलेलं बरं.

सोबत चकल्यांचा डबा देत आहोत. चकली उरली तर तपकिरीत. खाली घातलेला कागद तेलकट झाला असेल, तो काळ्यात. डबा धुतला तर निळ्यात, नाहीतर परत करा, आम्हाला लागतो.

आपले नम्र,
संध्याकाळी वेळ संपता संपता पिशवी घेऊन धावत येणारे मराठी भाडेकरू