चेन पडते तेव्हा

कोल्हापूर,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री फोन मध्येच कट झाला आणि सांगायचं सगळं तसंच राहिलं, म्हणून सकाळी चहा झाल्याझाल्या लिहायला बसलोय. उतारावर तुझ्या सायकलची चेन दोनदा पडली आणि दुसऱ्यांदा तू उभा राहून पेडल मारत होतास, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. पडलास तर नाहीस ना? खरं सांग.

मागच्या वर्षी मसाई पठारावर मला हेच झालं होतं. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. जांभ्याचं पठार ते, वरून सपाट दिसतं, पण सायकलखाली सगळं खडबडीत, दगडाला भोकंच भोकं. पठार उतरताना पंधरा-वीस मिनिटं मागून खड्-खड् आवाज येत होता. पुढं छोटा चढ दिसला म्हणून उभा राहून जोर लावला, तर पायाखाली काहीच नाही. पेडल सर्रकन खाली गेलं, नडगी फुटली, छाती हँडलवर आदळली. चेन पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या, म्हणजे चेनव्हीलच्या, आणि फ्रेमच्या मध्ये अशी रुतली होती, की ॲलन-कीनं उचकटून काढावी लागली. फ्रेमवर तिथं नखभर खोल ओरखडा आहे, आलास की दाखवतो. तो खडखडाट म्हणजे चेन पडायच्या आधीची वर्दी होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सायकल एका दुकानात नेली. त्यानं मागच्या डिरेलरचे, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचे, दोन स्क्रू आवळले आणि ‘झालं काम’ म्हणून हातात दिली. पुढच्या रविवारी जोतिबाच्या डोंगरावर परत पडली. ते दोन स्क्रू चेन मागच्या कॅसेटवरून, म्हणजे दातचक्रांच्या गठ्ठ्यावरून, आत स्पोकमध्ये किंवा बाहेर फ्रेमकडं जाऊ नये एवढ्यासाठीच असतात. पुढच्या चेनव्हीलवरून पडणाऱ्या चेनशी त्यांचा काही संबंध नाही. तुझ्याही सायकलचे कुणी आवळायला लागला तर हात धर त्याचा.

मुळात होतं काय बघ. पेडल मारतोस तेव्हा वरची चेन ताणलेली असते. खालची मात्र मागच्या डिरेलरच्या दोन छोट्या पुली आणि आतली एक स्प्रिंग, एवढ्यावरच धरलेली. चाक दगडावर आदळलं की पुली धरणारा पिंजरा पुढं झुकतो, खालची चेन एकदम सैल पडते आणि झोपाळ्याच्या दोरीसारखी वरखाली हेलकावते. ती वर येऊन चेनस्टेवर, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडं जाणाऱ्या फ्रेमच्या नळीवर, आपटते, तो तुझा खडखडाट. तीच लाट पुढं चेनव्हीलपर्यंत पोचली आणि कडी दातावरून उचलली गेली, की चेन पडली. दुखणं एकच, सैलपणा. म्हणून नुसती चेनस्टेवर पट्टी चिकटवून आवाज बंद केलास तर चेन पडायची ती पडणारच, फक्त वर्दी मिळणार नाही.

आता तुझ्या सायकलचं. पुढच्या तीन चकत्यांमधली मोठी आणि लहान काढून टाकलीस, मधली तेवढी ठेवलीस, असंच ना? मला वाटतं खोट तिथंच आहे. ती मधली चकती चेन धरून ठेवायला केलेलीच नाही. चेन एका चकतीवरून दुसरीवर पटकन जावी म्हणून तिचे काही दात मुद्दाम आखूड आणि तिरके घडवलेले असतात, बाजूला चढायला खाचा असतात. चेन सोडणं हेच तिचं काम. वर पुढचा डिरेलरही काढलास, म्हणजे चेनला दोन्ही बाजूंनी अडवणारा जो पिंजरा होता तोही गेला.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी तो काढलेला डिरेलर डब्यातून शोध आणि परत बसव. केबल नको. त्याचे दोन्ही स्क्रू फिरवून पिंजरा बरोबर चकतीच्या वर आणून थांबव, चेनला दोन्हीकडं जेमतेम न घासण्याइतकी जागा ठेव. एक पैसा न घालवता राखणदार मिळाला. आवाज थोडा करेल, करू दे.

पुढं सवड होईल तसं जाड-बारीक दातांचं चेनव्हील घे. चेनची एक कडी रुंद आणि एक अरुंद असते ना, त्याला जुळेल असा त्यावर एक दात जाड, एक बारीक. जाड दात रुंद कडीत गच्च बसतो, चेन आडवी हलायला जागाच राहत नाही. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीनं एक्सएक्स-१ या गिअर-संचात हे आणलं आणि पुढं एकच चकती ठेवायची पद्धत खरी तिथून रुळली. तुला ३२ दातांचं पुरेल. तुझ्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर चकती जिथं बसते तिथं, शेजारशेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोज. साडेत्र्याहत्तर मिमी भरलं तर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिमी असलेलं चेनव्हील लागेल. बोल्ट मात्र एका चकतीचे आखूडच माग. तिघींचे लांब बोल्ट एकटीला आवळत नाहीत, आवळल्यासारखे वाटतात आणि चकती डुलत राहते. चेन चढवताना रुंद कडी जाड दातावरच आली का ते बघ. एक घर चुकलं तर चेन दातांवर बसतच नाही, डोक्यावरून चालते.

मोठी चकती काढल्यावर चेन कापलीस का? मला दाट शंका आहे की नाही. मोठ्या चकतीसाठी ठेवलेली लांबी मधलीला जास्त होते आणि तो सगळा लोंबता भाग डिरेलरच्या गळ्यात पडतो. तुझ्या सायकलला मागं सस्पेन्शन नाही, त्यामुळं हिशेब सोपा आहे. चेन डिरेलरमधून न घेता थेट पुढच्या चकतीवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या दातचक्रावरून फिरव, दोन टोकं भेटतील तिथून एक इंच जास्त ठेव, म्हणजे एक अरुंद आणि एक रुंद कडी. बाकीची काप. पण कापायच्या आधी पुन्हा मोज, आणि चेन किती झिजलीय तेही बघ. नव्या चेनमध्ये २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. पट्टी लावल्यावर इंचाचा सोळावा भाग जास्त भरला, तर ती कापत बसू नकोस, नवीच आण.

क्लचवाला डिरेलर घेऊ का, असं विचारत होतास. क्लच फार छान चीज आहे. त्यात मागच्या पुलीच्या पिंजऱ्याला चेन ताणायला मोकळीक असते, पण सैल सोडताना घर्षण आडवं येतं, म्हणून दगडावर तो सहजी झुकत नाही. पण तुझ्या सायकलचा गिअर-संच शिमानो कंपनीचा, मागं ९ गिअरचा आहे. शिमानोचा १० गिअरचा क्लचवाला डिरेलर तुझ्या शिफ्टरशी, म्हणजे हँडलवरच्या गिअरच्या खटक्याशी, जुळणार नाही, केबल ओढायचं प्रमाणच वेगळं आहे. शिफ्टर, कॅसेट, चेन सगळंच बदलावं लागेल. सध्या नको, माझं ऐक.

उताराला लागण्याआधी मागचा गिअर मधल्या किंवा त्याहून मोठ्या दातचक्रावर आण. सगळ्यात लहानावर चेन सगळ्यात सैल असते आणि तू हमखास तिथंच ठेवतोस, मी मागून पाहिलंय.

आणि चेनस्टेला पट्टी बांधायचीच, पण हे सगळं झाल्यावर. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आण, उभी चिरून मागून पुढं घट्ट गुंडाळ. तुझी फ्रेम ॲल्युमिनियमची आहे म्हणून चालेल, माझ्या लोखंडी फ्रेमला ट्यूबखाली पावसाळाभर लाल चिखल साठून गंज धरला होता. मी आता ब्यूटाइल रबराची जाड टेप लावतो. आधी जागा स्पिरिटनं पुसतो, मग चिकटवतो. एवढं करूनही खडखडाट राहिला तर चेन पूर्ण काढून एखाद्या छोट्या उतारावरून सायकल नुसती सोड. आवाज तरीही आला तर तो केबलचा किंवा ब्रेक पॅडचा.

दिवाळीत येतोयस ना? पन्हाळ्यापर्यंत गाडीतून जाऊ आणि तिथून मसाई पठारावर सायकलनं. कापलेल्या कड्या फेकू नकोस, चार घेऊन ये, आणि चेन जोडायची एक क्विक लिंकही. चेन कापायचं हत्यार माझ्याकडं आहे. आई म्हणतेय, तांबडा-पांढरा त्याच दिवशी करते, तेवढं आधी कळव.

तुझाच,
अनिकेत