नुसत्या ‘तुला जमेल’ने गणित सुटत नाही

महोदय,
दहावीच्या मुलांना ‘आत्मविश्वास ठेव’ सांगणारे पुष्कळ. तो येतो कुठून, हे कुणी सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्येच मांडले, की त्याचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः पार पाडलेले काम. शाबासकी त्यामानाने लेचीपेची. गणित भाग 1 चा पेपर 40 गुणांचा, वेळ 2 तास. कच्च्या मुलाला थेट पूर्ण पेपर लावला की ते हबकते. आधी वर्गसमीकरणाची 5 उदाहरणे 20 मिनिटांत सोडवून घ्यावीत. चुकलेल्याखाली ‘गणित येत नाही’ नव्हे, ‘कंस सोडवताना उणे चिन्ह बदलले नाही’ असे लिहावे. तेच उदाहरण तिसऱ्या दिवशी, वही मिटून, पुन्हा. गाइडमधले उत्तर वाचून ‘समजलं’ म्हणणे (हे फार चालते!) मोजू नये.

— एक गणित शिक्षक, सातारा