कालव्यात बोट घालण्याआधी

प्रिय बाबल्या,

तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो तेवढंच. उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. पण तू बोट घेतलीस आणि रायबंदरहून कुंभारजुव्याच्या कालव्याने झुवारी नदीत उतरणार, हे धाकट्याकडून कळलं तेव्हापासून मला चैन नाही.

कालवा दिसतो गरीब, पण भरतीचं पाणी त्यात मांडवी आणि झुवारी अशा दोन्ही तोंडांनी शिरतं. सुरुवातीला ढकलणारी ओढ पुढे समोरून येऊ शकते, म्हणून पेट्रोल हिशेबाच्या दीडपट घे. निघायचं ते अर्ध्या भरतीला, चढत्या पाण्यावर. रुतलास तरी पाणीच उचलून देईल. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पंचमीला पावणेचार, हा हिशेब ढोबळच. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघ, आत पाणी त्याहून उशिरा पोचतं. (यावरून शाळेत भांडलो होतो. तू अजूनही चूकच आहेस.) उधाणाच्या माथ्यावर मात्र रुतू नकोस. पुढची प्रत्येक भरती बुटकी होत जाते, मग बस पुढच्या उधाणाची वाट बघत.

रुतल्यावर जोरात रिव्हर्स मारायचा नाही. प्रोपेलर चिखल घुसळतो आणि तोच चिखल इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप ओढून घेतो. इंजिन बंद कर, वर उचल, माणसं मागे बसव, वल्ह्याने आल्या दिशेने रेट. पाण्यात उतरू नकोस. तिथे मगरी आहेत, त्यांना तुझे विनोद कळत नाहीत.

इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पिचकारीवर डोळा ठेव. धार बारीक झाली की बंद कर. आधी नांगर टाक, मग इंजिनाला हात लाव, नाहीतर ओढीने खारफुटीत जाशील. दोर खोलीच्या पाचपट सोड, नांगराकडचा थोडा भाग साखळीचा असू दे. बहुतेकदा इंजिन पाणी ओढतं त्या खालच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. ती काढूनही धार नसेल तर रबरी इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, गेला असं समज आणि कोणाला तरी ओढून न्यायला बोलव. इंजिन गुरगुरतंय पण बोट हलत नाही, असं झालं तर प्रोपेलरची पिन तुटलीय. तुझ्या लहान इंजिनाला तीच असते. दोन जादा पिना आणि पक्कड डब्यात ठेव. पिनेच्या जागी खिळा ठोकायची तुझी बुद्धी आवर: पिन मऊ असते ती गिअर वाचावा म्हणूनच.

सुमनवहिनींचा मोतीबिंदू झाला का? चिंगीच्या नोकरीचं अभिनंदन, पेढे बाकी. आणि लाइफ जॅकेटं अंगात घालायची, बाकाखाली कोंबायची नाहीत. पोरांना आधी घाल.

तुझा,
विठू