बेचक्यात फाटलेलं झाड

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही म्हणून चिडला असशील. चीड, हक्क आहे तुझा. पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही. परवा रात्री वारा सुटला आणि कुंपणाकडचं पीचचं झाड बेचक्यात फाटलं. घरातले म्हणतात, एक फांदीच तर गेली. काय गेलं ते तुलाच कळेल.

रोपं लावली तो दिवस आठव. तू सिकेटर, ती छाटणीची कात्री, घेऊन दोन-अडीच फुटांवर शेंडा उडवायला निघालास आणि मी तुझा हात धरला. "जित्या रोपाचं मुंडकं उडवतोस?" शेवटी एक रोप तुझ्या मताने, एक माझ्या. जेवतानाही आपण बोललो नव्हतो. तुझं झाड आज वाडग्यासारखं उघडं आहे, चार फांद्या चार दिशांना, मधोमध ऊन उतरतं. माझ्या झाडाच्या दोन जाड फांद्या एकमेकींना खेटून सरळ वर गेल्या. फाटल्यावर आत पाहिलं, तर दोघींच्या मध्ये साल दबून काळी पडलेली. लाकूड लाकडाला जुळलंच नव्हतं रे! त्यात हे तिसरं वर्ष, लाग दाट, आणि माझ्याने एक फळ खुडवलं नाही.

मोडलेली फांदी करवतीने काढली, फाटलेल्या कडा धारदार चाकूने साफ केल्या. लेप लावला नाही. जखम कोरडी राहिली तर झाड कडेने स्वतःच साल चढवतं. सकाळी उठलो की आधी तिथे जातो. बेचक्याखाली डिंक आलाय, मधासारखा स्वच्छ. भुसा मिसळलेला असता तर खोडकिडा म्हणून हबकलो असतो. बुंध्याशी माती उकरून कलमाच्या सांध्यापर्यंत पाहिलं, तिथे काही नाही.

झाडाभोवतीच्या आळ्याच्या भांडणात मात्र माझंच खरं ठरलं. तू एवढं खोल खणलं होतंस की विहिरीला पाणी लागेल! पाणी तुंबायचं, आणि पीचच्या मुळांना तेच सोसत नाही. मी माती भरून उंच केलं, आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवलं.

काल संध्याकाळी तुझ्या झाडाची विरळणी केली. फांदीवर १५ ते २० सेंटिमीटरला एक फळ ठेवलं, बाकी सगळी बादलीत. अंगठ्याएवढी फळं, लव हाताला लागून रात्रभर खाज. एक चिरून पाहिलं, कोय अजून सुरीने कापली जाते. म्हणजे कोय टणक व्हायच्या आत, वेळेत झालं. बादली रिकामी करताना मात्र जीव तुटला.

आईचे गुडघे तसेच आहेत. वहिनींच्या बदलीचं काय झालं? छोटीला आशीर्वाद. दादाशी बोललास का? बोल.

आता मुख्य गोष्ट. उरलेलं अर्धं झाड एका बाजूला कललंय. राहिलेली फांदी आत्ताच छाटून खाली आणू की हिवाळा सरेपर्यंत थांबू? पीचला फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं, तेव्हा जोरात छाटलं तर पुढचं वर्ष फळाविना जाईल. जाऊ दे. झाड राहिलं पाहिजे. बुंध्याजवळ बाहेरच्या अंगाला एक डोळा फुगलाय, त्यावर माझी सगळी आशा आहे.

फोटो पाठवतो, पण फोटोत बेचकं कळत नाही. येऊन जा एकदा. सिकेटर तुझंच आण.

तुझा,
भाऊ